पाचव्या आवृत्तीवरचं नाव

साबिरा एजेचं नाव पाचव्या आवृत्तीवर ठेवायचं, असं सुयुनबेकने ठरवलं नव्हतं. त्याने ते फक्त काढलं नाही. चौथ्या आवृत्तीच्या तळाशी ‘चालवून पाहिलं’ असं लिहून पुढे तिचं नाव होतं. पाचवी पाठवताना ती ओळ जिथे होती तिथेच राहिली. तेव्हा बालिकचीच्या कबरस्तानात तिच्यावरची माती अजून खालीही बसली नव्हती.

सुयुनबेक बिश्केकला पावाच्या एका कारखान्यात संगणक सांभाळायचा. वजनकाट्याचा संगणक, पाकिटावर तारीख छापणारा, फाटकावरच्या कॅमेऱ्याचा. सगळ्यांच्या पंख्यांत मैदा जाऊन बसायचा आणि तो ब्रशने काढणं हे त्याचं निम्मं काम. कारखान्यात त्याला ‘मैदावाला इंजिनियर’ म्हणत आणि तो हसून घेई. त्याचं खरं काम पहाटे असायचं. चिनारा, त्याची बायको, औषधांच्या दुकानात जायला उठायच्या आधी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाभा लिहायचा.

संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी जागा होतो आणि सगळ्यांच्या नंतर झोपतो तो हा गाभा. बाकी सगळं त्याच्या तोंडाकडे बघत असतं. सुयुनबेकचा गाभा कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरची माणसं तो मिळून लिहीत, मेलवर एकमेकांच्या चुका काढत, भांडत, आणि पटलं की बदल आत घेत. या कामाचं त्याला कुणी काही देत नव्हतं.

“लोकांच्या घरची भांडी घासतोस तू,” चिनारा म्हणायची. “आणि आपल्या घरची मोरीत पडलीत.”

“ती घासतो ना मग.”

“घासतोस. पण त्यांची जास्त लख्ख निघतात.”

त्याने धरलेलं काम सांगायला सोपं होतं. संगणकाला एखादं यंत्र जोडलं की गाभा त्याच्यासाठी मेमरीत एक ऑब्जेक्ट बनवतो. रकान्यांचा एक डबाच म्हणा ना. यंत्राचं नाव काय, ते कोण वापरतंय, दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलूप कुठलं. हा डबा बनवणाऱ्या फंक्शनने आधी जागा घ्यायची, रकाने भरायचे, कुलूप तयार करायचं, आणि मग बाकीच्यांना सांगायचं, की झाला, वापरा. फार वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत एक फंक्शन लिहून ठेवलं होतं, ते ही सगळी कामं एका दमात करी आणि ‘झाला’ची दवंडी मधेच पिटी. निम्मे रकाने रिकामे असताना. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही बिघडत नसे, कारण दवंडी ऐकून कुणी यायच्या आत उरलेले रकाने भरून होत. कधीतरी एखादा लवकर येई, नसलेल्या कुलपाला हात घाली, आणि संगणक जागच्या जागी गोठे.

सुयुनबेकने दोन वेगळी फंक्शनं सुचवली. एकाने डबा पुरता भरायचा. दुसऱ्याने सगळं झाल्यावर, शेवटी, दवंडी पिटायची. कल्पना सगळ्यांना पटली. पण जुनं फंक्शन गाभ्यात शेकडो ठिकाणी वापरलेलं होतं, आणि प्रत्येक ठिकाण हाताने बदलायचं होतं. थोरली मुलगी पहिलीत गेली तेव्हा त्याने सुरुवात केली. आता तिला मिसरूड फुटलेल्या पोरांचे फोन येत होते.

त्या लोकांत एक रिवाज होता. एखाद्या जुन्या फंक्शनचा शेवटचा वापर जो बदलेल, त्यानेच ते जुनं फंक्शन पुसायचं. पुसण्याच्या बदलात एकही नवी ओळ नसते. नुसत्या वजाच्या खुणा, वरपासून खालपर्यंत. सुयुनबेकला आयुष्यात ते एक पान हवं होतं. चिनाराने एकदा विचारलं होतं, सगळं झाल्यावर दिसणार काय? तो म्हणाला होता, काहीच नाही, जे नको ते नसेल.

साबिरा एजे त्याला या कामातूनच भेटली. हवामानखात्याच्या चौक्यांवर जुन्या काळी संगणकात खोचायचं एक कार्ड वापरत. वारा, बर्फ, पाणी मोजणारी उपकरणं त्याला जोडत. जगात ते अजून कुठे कुठे चालू होतं, पण सुयुनबेकला ज्याच्याकडे असेल असा माणूस मिळेना. आणि ज्याच्याकडे यंत्र आहे अशा कुणीतरी चालवून पाहिल्याशिवाय बदल आत घेत नसत. त्याने आपल्या देशातल्या हवामानवाल्यांच्या गटात विचारलं. बालिकचीहून दोन ओळींचं उत्तर आलं : माझ्याकडे आहे. छपरावर वारामापकही आहे, ये आणि बघ, मासेही खा.

तो बोओमच्या घाटातून गाडीने गेला. सरोवराच्या टोकाला, जिथे रेल्वे संपते तिथे ते गाव. कारखाने बंद, खिडक्या फुटलेल्या, आणि सगळीकडून वारा. एजे सरोवराकाठच्या चौकीवर नोकरीला होती. चौकी बंद झाली तेव्हा भंगारात निघालेला संगणक तिने ढकलगाडीवर घालून घरी आणला होता. नवरा, ओरोझबेक, रेल्वेतला निवृत्त गार्ड. सुयुनबेकने पहिल्याच दिवशी तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हटल्यामुळे ओरोझबेक आपोआप जेझदे झाला, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. आणि जेझदेला मेव्हण्याची टर उडवायचा हक्कच असतो.

“मेव्हण्या, ती पेटी ने बाबा तुझ्याबरोबर,” ओरोझबेक म्हणाला. “तुझी बहीण माझ्यापेक्षा जास्त तिच्याशी बोलते.”

“पेटी उलट बोलत नाही,” आतून एजे म्हणाली. “आणि घोरतही नाही.”

धुरावलेले मासे, मलईचा चहा, नान. हात पुसत एजे म्हणाली, “सांग आता, काय बिघडलंय तुझ्या त्या गाभ्याचं?”

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली.

“म्हणजे पोराची नाळ कापायचीय अजून आणि यांनी दार उघडून गाव आत घेतलं,” ती म्हणाली. “आपल्यात चाळीस दिवस पोर परक्याला दाखवत नाहीत. त्या शहाण्यांना काय आया नव्हत्या?”

“होत्या की. पण घाई होती, एजे.”

“घाई कुणाला नसते!”

त्यानंतर तो वर्षातून दोन-तीनदा जायचा आणि बाकी वेळा बदल पाठवून द्यायचा. ती चालवून बघायची आणि फोन करायची. लिहायचा तिला कंटाळा होता. वारा सुटलेला असताना चालवणार, पडलेला असताना चालवणार, मधेच तार उपटून परत खोचणार, आणि मग फोन. “लिही माझं नाव,” असं म्हणाली की झालं. एकदा त्याने घाई केली तर ती तडकली. वाऱ्याचे आकडे शेगडीपाशी बसून भरणारी माणसं आपण चौकीवर पाहिलीत, म्हणाली, आणि त्यांच्या हातचा चहासुद्धा आपण कधी घेतला नाही. तो तिचं नाव खाली लिही, आणि वर टीप देई : छपरावरचा वारामापक अखंड चालू ठेवून तपासलं. या कार्डावरच नाही, गाभ्यातल्या आणखी कितीतरी ठिकाणी तिने त्याला असं चालवून दिलं होतं.

शेकडो ठिकाणं संपत आली. अवघड म्हणून बाजूला ठेवलेलं हे कार्डच शेवटी उरलं. एजेने त्या बदलाची चौथी आवृत्ती चालवली, फोन केला, नाव लिही म्हणाली. सुयुनबेकने ती पाठवली. गाभ्याच्या त्या भागाचा राखणदार आर्विद नावाचा एक नॉर्वेजियन होता, मितभाषी पण न्यायी. त्याचं उत्तर आलं : “उत्तम. एकच कर. तयारीच्या त्याच त्या ओळी तीन ठिकाणी आहेत, त्या उचलून एका छोट्या फंक्शनात ठेव. पाचवी पाठव, घेतो. नवं घेण्याचे दिवस संपत आलेत, लक्षात ठेव.”

त्याच आठवड्यात अंगणात कोळसा उतरवून घेताना एजे मटकन खाली बसली. उठली नाही.

सुयुनबेक कोपऱ्यावर गाडीतून उतरला आणि मयताला पुरुषांनी जसं जायचं असतं तसा मोठ्याने आक्रोश करत घराकडे धावला. रिवाज म्हणून काढलेला आवाज दारापर्यंत पोचेतो खरा झाला होता. अंगणात तंबू उभारला होता. ओरोझबेक काठीवर वाकून बाहेर उभा होता, त्याने मेव्हण्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या कोटाला कोळशाचाच वास येत होता.

पुढच्या खेपेला तो गेला तर छपरावरचा वारामापक नव्हता.

“काढायला लावला,” ओरोझबेक म्हणाला. “सारखा फिरतो रे. वाटतं ती आता उठून आकडा बघायला जाईल. पेटी पुतण्याने नेली. पत्रा वेगळा विकला, तांबं वेगळं.”

पाचवी आवृत्ती चालवून बघायला आता जगात सुयुनबेकच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

नियम असा होता. नव्या आवृत्तीत बदल किरकोळ असेल तर आधीची नावं तशीच पुढे न्यायची. मोठा असेल तर नावं गाळायची आणि पुन्हा विचारायचं. किरकोळ कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, कुणी तपासत नाही. सुयुनबेकने तीन ठिकाणच्या त्याच त्या ओळी उचलल्या, एका छोट्या फंक्शनात ठेवल्या, आणि तिन्ही ठिकाणी ते बोलावलं. ओळी त्याच, फक्त जागा बदललेली. किरकोळच. मग तो खाली तळाशी आला, तिच्या नावाशी. नाव गाळायचं म्हणजे ते स्वतःच्या हाताने खोडायचं. ज्या कामाला तिने इतके वारे खर्ची घातले, त्याच्या शेवटच्या पानावर ती नसणार. चहा निवत होता. त्याने पाठवून दिलं.

तीनपैकी दोन ठिकाणी सगळं बरोबर होतं. तिसऱ्या ठिकाणी छोट्या फंक्शनची हाक दवंडीच्या एक ओळ खाली पडली होती. ज्या एका चुकीच्या मागे तो इतकी वर्षं लागला होता तीच चूक, त्याच्याच हातची, त्याच्याच शेवटच्या पानात. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. डोळ्यांना ओळखीच्या ओळी दिसल्या आणि ते पुढे सरकले.

आर्विदने घेतलं. मग सुयुनबेकने ते दुसरं पान पाठवलं, नुसत्या वजांचं. “गेलं जुनं,” आर्विदने लिहिलं. “अभिनंदन. किती वर्षं झाली, आठवतही नाही.” त्या सकाळी सुयुनबेक कारखान्यात गेला आणि कुणाला काही न सांगता भट्टीच्या दारात जरा वेळ उभा राहिला. भट्टीवाल्याने गरम पाव हातात दिला. “काय इंजिनियर, आज मैद्याऐवजी पाव?”

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याने ओरोझबेकला सांगितलं, की एजेचं नाव गाभ्यात गेलं. म्हातारा बोऊरसोकांची, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, परात हातात घेऊन पंगतीतल्या प्रत्येकासमोर थांबला आणि प्रत्येकाला त्याने सांगितलं.

“आमच्या बाईचं नाव आहे जगातल्या समद्या संगणकांत.”

“सगळ्या नाही, जेझदे, ज्यांच्यात हा गाभा...”

“गप रे. समद्या.”

पंगतीतल्या बायांनी डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालांची टोकं लावली. सुयुनबेक खाली बघत जेवला. त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं, एवढंच की म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला होता.

मग वर्ष जवळजवळ सरलं.

मेल आला तो दक्षिण अमेरिकेतून, आंदेस डोंगरातल्या बर्फ मोजणाऱ्या एका चौकीवरून. लिहिणारी बाई शांत स्वभावाची असावी. तिने लिहिलं होतं, की त्यांच्याकडे ते जुनं कार्ड आहे. बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आधी त्यांनी गाभा नवा केला आणि सगळे खाली उतरले. वर वीज गेली असावी, संगणक परत सुरू झाला असावा, आणि सुरू होता होताच गोठला. उपकरणं सतत बोलत असतात, त्यामुळे दवंडीबरोबर पहिला आकडा आला आणि कुलूप तयार नव्हतं. रस्ता उघडल्यावर ते वर पोचले तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. “त्यामुळे या हिवाळ्याचं आमच्याकडे काहीच नाही. आजीच्या काळापासूनच्या मोजणीत आता एक हिवाळा रिकामा राहील. कृपया दुरुस्त करावं.”

सुयुनबेकने आपलं पान उघडलं. चूक आता लगेच दिसली, पांढऱ्या कापडावर माशी बसावी तशी.

त्याने दुरुस्ती लिहायला घेतली होती, तोवर दुसऱ्या एकाने उत्तर टाकलं. हा माणूस नावाजलेला आणि जिभेचा तिखट होता. “ही साबिरा कोण? याच माणसाच्या आधीच्या बदलात टीप आहे, की हिच्या छपरावरचा वारामापक अखंड चालू असतो. म्हणजे पाचवी हिने चालवली असती तर हिचा संगणक सुरूच झाला नसता. अर्थ उघड आहे. बाई न चालवताच नाव देतात. यापुढे हे नाव दिसलं तर ते नाही असं समजा.”

खाली आर्विदचं एकच वाक्य होतं. “सुयुनबेक, तू त्यांना ओळखतोस, त्यांचं काय म्हणणं आहे?”

सुयुनबेक रोज उत्तराची खिडकी उघडायचा, आणि मग कारखान्याला उशीर होतोय असं स्वतःला सांगून बंद करायचा. एकदा त्याने लिहिलं, की त्या वयस्कर होत्या, शेवटी आजारी होत्या. मग पुसलं. ती एक दिवससुद्धा आजारी नव्हती.

चिनाराने तिसऱ्यांदा वाढलेला चहा तसाच निवलेला पाहिला. “काय झालंय? सरळ सांग.”

त्याने सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली.

“मग बोलू दे त्यांना. बालिकचीच्या म्हातारीला नॉर्वेतले लोक काय म्हणतात, तिला कळणारे का आता?”

“तिला खोटं म्हणतायत, चिनारा.”

“तू खरं सांगितलंस तर तुला काय म्हणतील?”

“काही म्हणोत.”

“काही म्हणोत!” ती तिडिकीने म्हणाली. “पोरीच्या वाढदिवसांना तू त्या टेबलाशी होतास. माझा बाप दवाखान्यात होता तेव्हा तू त्या टेबलाशी होतास. मी काही बोलले का? म्हटलं, करतोय काहीतरी, एक दिवस संपेल, मग उठेल तिथून. आणि आता म्हणतोस काही म्हणोत.” ती थांबली. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, “लिही. नाहीतर भुतासारखा फिरशील घरात. लिही आणि मोकळा हो.”

त्याने लिहिलं. सजवलं नाही. साबिरा एजेने चौथी चालवली, पाचवी नाही. पाचवी पाठवली तेव्हा ती हयात नव्हती. बदल किरकोळ आहे असं मी ठरवलं आणि तिचं नाव मी पुढे नेलं. ती न चालवता नाव देणारी नव्हती. तिने जिथे जिथे नाव दिलं तिथे तिने चालवून पाहिलं होतं. दोष पूर्णपणे माझा आहे.

पाठवल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं. तिच्या नावावरचा डाग आपण उचलून घेतला, असं वाटलं. पूर्ण एक दिवस तसं वाटलं.

आर्विदचं उत्तर लांब होतं. तो माणूस कधी लांब लिहीत नसे. आधी त्याने सांत्वन केलं, नेमक्या शब्दांत. मग लिहिलं :

“तुझ्यावर माझा राग नाही, पण मला गाभा राखायचा आहे. या बाईंनी स्वतः कधी आम्हाला लिहिलं नाही. त्यांचं प्रत्येक नाव तुझ्या हातून आलं. आता तू म्हणतोस की एक खोटं आणि बाकीची खरी. ते तुझ्याखेरीज कोण सांगणार? तुझ्याकडे त्यांचं काही लिखित असेल तर दे, मी स्वतः बघतो. नसेल तर ज्या ज्या बदलावर त्यांचं एकट्यांचं नाव आहे ते सगळे आम्ही मागे घेतोय. कुणी पुन्हा चालवून पाहिलं तर पुन्हा घेऊ. ती ठिकाणं जुन्या फंक्शनवर चालत होती, म्हणून ते फंक्शनही परत आणावं लागेल. मला वाईट वाटतं.”

त्याच्याकडे काहीही लिखित नव्हतं. ती फोन करायची. वारा मागे घोंघावत असायचा, इतका की तिला ओरडून बोलावं लागे, आणि ती ओरडून सांगायची, लिही माझं नाव.

गप्प राहिला असता तर एका बाईने एकदा हयगय केली, एवढंच लोक म्हणाले असते, आणि वर्षभरात विसरले असते. तो बोलला आणि तिचं खरं चालवलेलंही सगळं गेलं. प्रत्येक मागे घेतलेल्या बदलाखाली कारण लिहिलं जात होतं, तेच एक वाक्य : चाचणीची खात्री देता येत नाही. शेवटी जुनं फंक्शन परत आलं. यावेळी पान भरून अधिकाच्या खुणा होत्या. निम्मे रकाने भरून दवंडी पिटणारं ते फंक्शन जसंच्या तसं होतं, त्यातल्या मोकळ्या जागांसकट.

त्याने आर्विदला एकच विचारलं. पाचवीवरून तिचं नाव तेवढं काढता येईल का?

“नाही,” आर्विदने लिहिलं. “जे एकदा इतिहासात गेलं ते बदलत नाही, हे तुला माहीत आहे. ते लाखो ठिकाणी उतरलेलं आहे. आपण फक्त पुढे लिहू शकतो.”

त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला बालिकचीत घोडा कापला. सुयुनबेकने पाणी वाहिलं, लाकडं फोडली, पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं. ओरोझबेक उत्साहात होता. लेकाच्या सासरच्या माणसांना बसवून तो सांगत होता, की हा मेव्हणा, याने माझ्या बाईचं नाव कुठल्या कुठे पोचवलं. पाहुणे सुयुनबेककडे कौतुकाने बघत. पाहुणे पांगले, तेव्हा दोघंच उरले. बाहेर कुणीतरी कढया घासत होतं.

“जेझदे, एक सांगायचंय.”

“सांग. पण लांबड लावू नको, गुडघे गेलेत माझे.”

त्याने सांगितलं. म्हाताऱ्याला गाभा कळत नव्हता, ऑब्जेक्ट कळत नव्हता, म्हणून तेवढं गाळून बाकीचं सांगितलं. तिने शेवटचं पाहिलं नव्हतं तरी तिने पाहिलं असं मी लिहिलं. त्यात चूक निघाली. आता तिने खरं पाहिलेलंही कुणी धरत नाही.

ओरोझबेक डोक्यावरून काढलेला लोकरी कल्पाक गुडघ्यावर ठेवून त्याची कड बोटांनी सपाट करत होता.

“म्हणजे मेल्यावर खोटं बोलायला लावलंस तिला.”

“हो, जेझदे.”

“तिला! अरे, चौकीवर बर्फात पडून हात मोडला होता, तरी एका हाताने रांगत जाऊन आकडा बघून आली होती ती बया. मी म्हटलं, कालचाच टाक ना. तर महिनाभर बोलली नाही माझ्याशी.” त्याने कल्पाक बाजूला सारला. “काढ नाव. मला नको ते तिथं. आत्ता काढ.”

“निघत नाही.”

“तूच लिहिलंस ना?”

“लिहिलं मीच. पण एकदा आत गेलेलं कुणालाच काढता येत नाही. पुढे काही लिहिता येतं. मागचं तसंच राहतं.”

“कधीपर्यंत?”

म्हाताऱ्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग मावळला होता आणि त्या जागी दुसरं काहीही आलं नव्हतं.

“आणि हे तुला दुरुस्तही करता येत नाही.”

“नाही.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

बाहेरच्या कढयांचा आवाज थांबला होता. सुयुनबेकला वाटलं काहीतरी म्हणावं, की तुम्ही लोकांना सांगत होतात ते मला ऐकवेना, की ती असती तर तिने मला सांगायलाच लावलं असतं. पण दोन्हींत त्याचीच सोय होती. तो उठला.

आल्या माणसाला निघताना नानचा तुकडा मोडून तोंडात टाकायला लावल्याशिवाय तिकडे कुणी सोडत नाही. शत्रूलाही नाही. अंथरलेल्या कापडावर नान होतं, अर्धं मोडलेलं, ओरोझबेकच्या हाताजवळच. सुयुनबेक बूट घालायला वाकला, सावकाश नाड्या बांधल्या, आणि दारात उभा राहिला.

ओरोझबेक भिंतीकडे तोंड करून बसला होता. नानकडे त्याचा हात गेला नाही.